सुंदराबाईचा पासपोर्ट

पंपाच्या कंपनीनं सुंदरा मशिनरी स्टोअर्सला त्रिनिदादची सहल बक्षीस दिली, आणि त्या दिवसापासून घाऱ्यांच्या घरात कुणी कुणाशी धड बोलेनासं झालं. लोकांच्या घरी बक्षीस आलं की पेढे वाटतात. इथं बापलेक एकमेकांच्या उरावर बसायला निघाले.

दुकान कर्जतच्या बाजारात, माल ऑइल इंजिनांचा आणि पाणी खेचायच्या पंपांचा. चौऱ्याऐंशी साली सगळ्या तालुक्याला उन्हाळी भाताचं वेड लागलं होतं. नदीकाठचा जो तो पंप मागत होता, खाली रसायनी-मोहोपाड्याकडचे बांधकामाचे कंत्राटदार तर एकेक जण तीन-तीन उचलून नेत होता. जिल्ह्यात एवढे पंप दुसऱ्या कुणी विकले नव्हते. म्हणून कंपनीचा साहेब मुंबईहून गाडी घेऊन आला, ओटीवर बसला आणि गुळगुळीत कागदाचं एक रंगीत पत्रक त्यानं उलगडून दाखवलं. निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेले माड. आठ दिवस, दोन माणसं, असं साहेब सांगत होता. पहिले चार दिवस समुद्र, पुढचे चार दिवस संस्कृती.

"संस्कृती म्हंजे?" आबाजी घाऱ्यानं विचारलं.

"नाचगाणी, देवळं, तिथले लोक. तेलाच्या रिकाम्या पिंपांवर वाजवतात, ऐकण्यासारखं असतं. आणि आपली माणसंही आहेत तिथं पुष्कळ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यात कामाला नेलेल्यांची नातवंडं-पतवंडं." मग साहेब आतल्या दाराकडे वळून म्हणाला, "पण खरं बक्षीस बाईंचं. एजन्सी त्यांच्या नावावर आहे. आमच्याकडे बाई विक्रेती ही एवढी एकच. मोठ्या साहेबांना त्यांचा विमानात चढतानाचा फोटो हवाय. त्या नसतील तर सहल नाही. बरोबर कुणाला न्यायचं, तेही त्यांनीच ठरवायचं."

दाराआड गोदा उभी होती. कागदावर ती सुंदरा होती. गावात सुंदराबाई, नवऱ्याच्या तोंडी सुंदरा, सावत्र पोराच्या तोंडी मावशी. गोदा ती फक्त स्वतःच्या डोक्यात होती.

हे कसं झालं ते आधी सांगायला हवं. आबाजी तरुणपणी ग्रामसेवक होता. सरकारी नोकराला धंदा करता येत नाही, म्हणून सासऱ्यानं, खोपोलीकडच्या नामा लाडानं, भांडवल घातलं तेव्हा एजन्सी बायकोच्या नावानं घेतली. ती बायको सुंदरा. साठ साली ती दुसऱ्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. मागं उरला चार वर्षांचा सहदेव. एजन्सीच्या कागदात अट होती की मालक मेला की करार संपला. आता गावातली जन्म-मृत्यूची वही कुणाच्या हातात? याच शहाण्याच्या. त्यानं बायकोला अग्नी दिला, दहावं-बारावं केलं, गावजेवण घातलं, आणि वहीत मात्र ओळ लिहिली नाही. वर्षभरानं गोदाशी लग्न लावलं. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं असतं, सगळीकडेच लिहितात, त्यात वावगं काही नाही. या बहाद्दरानं 'सुंदरा' लिहिलं. मेलेलीचं नाव जिवंत पोरीच्या कपाळी मारलं. पाटी बदलायला नको, शिक्का बदलायला नको, सहीपुरती बाई मिळाली म्हणजे झालं.

गोदाचा बाप सखा ठोंबरे चौकजवळचा भातशेतीवाला. त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण पोरीला त्यानं चौथीपर्यंत शिकवली होती. मांडवात ताटाकडे बघून त्यानं विचारलं, "काय लिवलंय गं?" पोरीनंच वाचून दाखवलं. सखा म्हणाला, "माझ्या पोरीला नाव हाय." चार जणांनी त्याला खांद्याला धरून बाजूला नेलं. तो त्या मांडवात जेवला नाही. पुढं वीस वर्षं दर दिवाळीला यायचा, पण ओटीवर चढायचा नाही. अंगणातून हाक मारायचा, "गोदे, हायस का गं?" तीन वर्षांमागं तो गेला. तिला त्या नावानं हाक मारणारं कुणी राहिलं नाही, आणि हे दुःख सांगायलाही कुणी नव्हतं.

तेवीस वर्षं गोदानं सुंदराच्या सह्या केल्या. भाद्रपदात अविधवा नवमीला सुंदराचं श्राद्ध यायचं, तेव्हा खीर-वडे तीच रांधायची, सवाष्ण तीच जेवू घालायची. सकाळी त्या बाईला पान वाढायचं आणि दुपारी दुकानात तिच्याच नावाची सही ठोकायची. आबाजीला यात कधी काही खुपलं नाही. त्याला फक्त सही वेळेवर नाही मिळाली तर खुपायचं.

तर साहेबाची गाडी वळणाआड गेली आणि ओटीवर सभा भरली.

"दुसरं तिकीट माझं," सहदेव म्हणाला. "पंप मी इकलं. फटफटीवर गावोगाव हिंडून कंबरडं माझं मोडलं. तुमी गल्ल्यावर बसून पान चघळलंत."

"नवरा-बायको जायाचं सोडून मायलेक जातात व्हय रं?"

"ती माझी माय नाय."

"कागदावर तर हाय," आबाजी म्हणाला.

गोदा चार हातांवर तांदूळ निवडत बसली होती. ती भिंत असल्यासारखे दोघं बोलत होते. सहदेव म्हणाला की चार दिवस समुद्रावर काढायचे आहेत आणि तुम्हाला तर विहिरीत पोहता येत नाही. आबाजी म्हणाला की तिथं पोहायला जात नाहीत, खुर्चीत पडून राहायचं असतं. "मग हितं काय तुमी उभं असता?" सहदेवनं विचारलं. आबाजीनं पानाची पिंक अंगणात टाकली, ती पोराच्या चपलेपासून वीतभर लांब पडली.

"मी जाणार हाय ना?" गोदानं विचारलं.

दोघांनी एकदम तिच्याकडं पाहिलं.

"तुझ्यावाचून फोटो नाय, म्हंजे जायाचीच," आबाजी म्हणाला. "फोटो झाला की गप ऱ्हायाचं. समुद्रावर यायाचं नाय. तिथं नागडी-उघडी मानसं अस्तात. खोलीत बस. ते संस्कृतीचं चार दिवस पायजे तर ये संगती."

"समुद्र मी बगणार," गोदा म्हणाली. "आनि कुणाला न्यायाचं ते मी ठरवायचं, असं साहेब म्हनला."

बापलेकांचं त्या दिवसात पहिल्यांदाच एकमत झालं. दोघंही तिच्यावर तुटून पडले. बाईच्या जातीला जरा मान दिला की ती डोक्यावर चढते, साहेबाला काय जातंय बोलायला, पंपाचं एक बटण तरी दाबलंस का कधी. गोदानं सुपातला खडा काढला, अंगणात फेकला आणि पुन्हा निवडायला लागली. कुणाला न्यायचं हे तिनं ठरवलेलंच नव्हतं. दोघांतला कुणीही नको होता, हे मात्र ठरलं होतं.

पत्रक तिनं उचलून आपल्या ट्रंकेत ठेवलं. दुपारी घर निजलं की काढून बघायची. इंग्रजी येत नव्हतं, चित्रं कळत होती. एका चित्रात लहानसं देऊळ होतं, दाराशी बांबूला लाल-पिवळी निशाणं आणि पायरीवर डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी. गोदाला निळ्या पाण्यापेक्षा ती म्हातारी आवडली. जाऊन तिच्या शेजारी बसावं, बाई, तुमच्या आजीला घरी काय म्हणायचे, असं विचारावं. भाषा येवो न येवो. मग ती बेत करायची. लुगडी नकोत, पाचवारीच बऱ्या, वाऱ्यावर आवरायला सोप्या. भाकरी टिकायची नाही, तांदळाचे पापड न्यावे, लसणाची चटणी न्यावी. सुकट नेली तर वासावरून विमानातून उतरवतात का, हे कुणाला विचारावं तेवढं कळेना. असे बेत करताना तिला स्वतःचंच हसू यायचं आणि मग बाहेर बापलेकांचा आवाज चढला की ते विरून जायचं.

कंपनीचं पत्र आलं की पासपोर्टचे कागद पंधरवड्यात पाठवा, आणि नाव-गाव एजन्सीच्या कागदाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. तसे तिघं तहसील कचेरीच्या आवारात गेले. तिथं झाडाखाली वाल्मिक टाईपरायटर घेऊन बसायचा. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, हरकती, सगळं तोच भरायचा. त्यानं फॉर्म लावला आणि विचारायला लागला. उत्तरं आबाजी देत होता.

"नाव?"

"सुंदरा आबाजी घारे."

"जन्म?"

"तेहेतीस साल."

गोदा एका दमात आठ वर्षांनी म्हातारी झाली. तिनं तेही गिळलं.

"वडलांचं नाव?"

"नामा लाड. मुक्काम खोपोली."

"थांब रं वाल्मिक," गोदा म्हणाली.

वाल्मिकची बोटं हवेतच राहिली.

"माझ्या बापाचं नाव सखा ठोंबरे."

"गप ऱ्हा," आबाजी दात आवळून म्हणाला. "एजन्सीच्या कागदावर नामा लाड हाय. तेच जुळाया पायजे."

"मी त्या नामा लाडाला डोळ्यानं बघितला पन नाय."

"बघायचं काय त्यात? लिवायचं हाय."

"माझं नाव तुमी घेतलंत, तवा मी पोर व्हते. बापाचं मी देणार नाय."

आवारातली माणसं वळून बघायला लागली. सातबाऱ्यासाठी आलेले दोघे-तिघे तर उठून जवळच आले. सहदेव खालच्या आवाजात म्हणाला, "मावशी, तमाशा नको. म्हातारा मेला कवाच. मेलेल्याला काय कळतंय?"

गोदाच्या डोक्यात तिडीक गेली. तेवीस वर्षांत या पोराशी ती कधी वर तोंड करून बोलली नव्हती. त्याच्या गोवर-कांजण्या काढल्या, त्याच्या लग्नात उंबऱ्यावर उभी राहिली, परवाच त्याच्या बायकोला बाळंतपणाला माहेरी पोचवलं, आणि 'माय नाय' हे दर सणाला ऐकून घेतलं.

"तुझी आई पन मेलीय," ती म्हणाली. "पन कागदावर अजून जिती हाय. तुझ्या बापानं वहीत मयत लिवलीच नाय. त्या बाईच्या नावावर तू पंप इकतोस, आनि तिच्याच नावानं मी इमानात बसायची."

सहदेवनं बापाकडं पाहिलं. आबाजीनं सगळ्यांसमोर बायकोवर हात उगारला. ती हलली नाही, म्हणून असेल किंवा माणसं होती म्हणून असेल, हात वरच राहिला.

"आज घरात पाय ठेवू नको," तो म्हणाला.

"घरपट्टी पन सुंदराच्याच नावानं येती," गोदा म्हणाली. "मला भाईर काढायची तर आधी तिला मारायला लागंल तुमाला. कागदावर."

ती घरी आली, चूल पेटवली, भात टाकला. बापलेक मागाहून आले आणि मुकाट्यानं जेवले. पुढचे आठ दिवस घरात भांड्यांचा तेवढा आवाज होता.

आबाजी काही मूर्ख नव्हता. दमदाटी चालत नाही म्हटल्यावर त्यानं पवित्रा बदलला. पाचवारी साड्या आणल्या, दोन. रंगही बरे होते. "समुद्र बग पायजे तेवढा," तो म्हणाला. "दुसरं तिकीट तू म्हनशील त्याला. तुझ्या नंदेला ने, कुणालाबी ने. तोंडानं सखा म्हन, दिवसातून शंभरदा म्हन. कागदावर ऱ्हाऊ दे लाड. कागद कोण वाचतो?" आणि वर म्हणाला, "मयत उघडी पडली तर दुकान जाईल, एजन्सी जाईल, माझी पेन्शन जाईल. या वयात मला कोर्टात उभा करशील?"

खोटं कशाला बोला, गोदाचा जीव पाघळला. तिला जायचं होतं. जन्मात एवढं काही तिला कधी हवंसं वाटलं नव्हतं. आणि दुकान बुडालं तर ती तरी काय खाणार होती? पीठ मळताना ती तोंडातल्या तोंडात म्हणून बघायची, वडलांचं नाव नामा लाड, वडलांचं नाव नामा लाड. दहाव्यांदा म्हटलं तेव्हा तोंडात बसायला लागलं, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली. तरी एका सकाळी ती साडीची घडी मोडून उभी राहिली होती, नेसावी की नेसू नये अशी.

तेवढ्यात सहदेव स्वयंपाकघराच्या दाराशी आला. आत तो सहसा यायचा नाही.

"मावशी, आईची मयत खरंच लिवली नाय?"

"नाय."

"मग मी दरसाल कुनाचं श्राद्ध करतो?"

असं विचारत होता जणू वही गोदानंच दडवली होती. पण त्याचा आवाज जरा घोगरा झाला होता, आणि गोदाच्या मनात आलं, बरं झालं, या घरात एकाला तरी लागलं. तिनं साडी खाली ठेवली. पाणी देऊ का, असं विचारणार होती.

"बरं, झालं ते झालं," सहदेव म्हणाला. "तू सही करून टाक. एवढी सहल व्हऊन जाऊ दे. मग आईचं बगू काय ते. चोवीस वर्सं थांबलंय, आनखी दोन म्हयनं थांबलं तर काय बिघडत नाय. दुसरं तिकीट मात्र माझं लाव, म्हाताऱ्याचं नको."

गोदानं त्याच्याकडं नीट पाहिलं. नाकाचा शेंडा, भुवया, सगळं म्हणे सुंदरासारखं होतं. पोटचा पोर समुद्रासाठी आईला आणखी दोन महिने जिवंत ठेवायला तयार होता. तिला त्या न पाहिलेल्या बाईची दया आली. आजवर तिनं तिचा राग केला होता, मनातल्या मनात तिला सटवी म्हटलं होतं. त्या बिचारीनं काय केलं होतं? ती तर मेली होती आणि तिला कुणी मरू देत नव्हतं.

"बगते," एवढंच गोदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं चौकला गेली. शाळेच्या मास्तरानं जुनं रजिस्टर शोधायला तासभर लावला, पण दाखला दिला. गोदा सखा ठोंबरे, चौथी पास. परतताना तिनं तो पदराच्या गाठीत न बांधता हातातच धरला, चुरगळेल म्हणून. उतरली ती घरी न जाता थेट तहसीलच्या आवारात आली आणि वाल्मिकसमोरच्या बाकावर बसली.

"पासपोर्ट ना, सुंदराबाई?" वाल्मिक म्हणाला.

"नाय. मयत लिवायचा अर्ज. साठ सालची मयत हाय, राहून गेलीय."

वाल्मिकनं आधी आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाला, "एवढ्या जुन्या मयतीला म्याजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. अर्ज त्यांच्या नावानं करावा लागंल."

"कर."

"मयताचं नाव?"

"सुंदरा आबाजी घारे. बाप नामा लाड, खोपोली. जन्म तेहेतीस." तिनं दिवस सांगितला, कारण सांगितलं, अग्नी कुणी दिला ते सांगितलं. हे सगळं तिला श्राद्धाच्या दिवशी ऐकून ऐकून पाठ होतं.

"अर्जदार?"

"गोदा आबाजी घारे. बापाचं नाव सखा ठोंबरे." तिनं शाळेचा दाखला पुढं ठेवला.

"मयताशी नातं?"

"सवत."

वाल्मिक टाईप करायचा थांबला. "हे आत गेलं की दुकानाला कुलूप लागंल."

"लागंल."

"आबाजीभाऊंच्या मागं चौकशी लागंल."

"त्यांनी केलंय, त्यांनी निस्तरावं."

"आनि ती परदेशची सहल?"

"ती सुंदराची व्हती," गोदा म्हणाली. हे म्हणताना तिला रडू आलं आणि तिनं डोळे पुसलेही नाहीत.

आवाराच्या फाटकातून आबाजी येताना दिसला. कुणीतरी जाऊन सांगितलं असणार. चालता चालता त्याचं धोतर सुटत होतं आणि एका हातानं ते धरून तो ओरडत होता, "वाल्मिक, कागद काढ. तिची सही घेऊ नको. सुंदरा, ऐक माझं. सुंदरा."

"दे हिकडं," गोदा म्हणाली. वाल्मिकनं कागद यंत्रातून ओढला, पेन दिलं, बोटानं जागा दाखवली. तिनं घाईनं सही केली आणि मग काय लिहिलं ते पाहिलं. सुंदरा आ. घारे. शेवटच्या रेघेसकट, तेवीस वर्षं दुकानात करायची तशीच.

वाल्मिकनं तो कागद बाजूला ठेवला. कार्बनखालची प्रत काढून त्यानं तिच्यापुढं सरकवली. गोदानं पेन घट्ट धरलं, मनात गोदा, गोदा म्हणत कागदावर टेकवलं, आणि हातानं 'सु' काढला. ती तिथंच थांबली. आबाजी आता टेबलाशी पोचला होता, धापा टाकत होता, आणि ते अक्षर बघून त्याच्या तोंडावर जे आलं ते हसूच होतं.

"बघितलंस?" तो म्हणाला. "चल घरी."

गोदानं ते अक्षर खोडलं. पेन बाजूला ठेवलं.

"वाल्मिक, शाईची डबी हाय ना?"

"हाय. पन तुमी तर शिकलेल्या हाय."

"उघड."

त्यानं डबी उघडली. आबाजीनं कागदावर हात टाकला, तसा वाल्मिकनं तो धरून मागं सारला. गोदानं अंगठा शाईत दाबला, टाईप केलेल्या 'गोदा' या अक्षरांखाली टेकवला आणि जोर देऊन बराच वेळ तसाच धरून ठेवला.